बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये वाइन कुणी टाकली?

या सदराला आलेलं एका वाचकाचं पत्र बरंच मोठं होतं, नाव-पत्ता काढून थोडक्यात देतेय.

वाचक ४३ वर्षांचे. कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत टू बीएचके, घरात आई-बाबा, बायको आणि दहावीतली मुलगी. नोकरी अकाउंट्समधली, पण जीव सगळा कॉम्प्युटरमध्ये. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून यांनी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स टाकलं आणि बाबांचं मराठी डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर 'वाइन' नावाच्या प्रोग्रॅममधून चालवायचा घाट घातला. ते काही धड चालेना. बाबांनी आत्याला फोनवर सांगितलं, 'पोराने माझ्या कॉम्प्युटरमध्ये वाइन टाकली, तेव्हापासून बंद पडलाय', आणि आत्याने ती बातमी तिला समजली तशी सगळ्या नातेवाइकांत पोचवली. गंमत म्हणजे घरात खरी वाइनही आहे. दोन वर्षांपूर्वी नाशिकची सहल झाली तेव्हापासून नाद लागला, आता १९ बाटल्या, हॉलमध्ये छोटा वाइन कूलर, त्यात वायफायवर चालणारा तापमानाचा सेन्सर, दर मिनिटाला नोंद. पाहुणे येणार असले की आई त्या कूलरवर क्रोशाचं कव्हर घालते, त्याने मागची जाळी झाकली जाते आणि आतलं तापमान चढतं. 'मला ऑफिसात बसून ग्राफवर कळतं की आज घरी कोणीतरी आलंय.' वायफायचं म्हणाल तर तीन राउटर आहेत आणि दर महिन्याला काहीतरी बदल. एका रविवारी रात्री यांनी राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर बदललं आणि सोमवारी सकाळी बायकोची मीटिंग मध्येच तुटली. ती म्हणाली, 'हे सगळं विकून टाक, नाहीतर मी आईकडे जाऊन काम करते.' आता यांचा प्रश्न असा, की घरच्यांना टेक्नॉलॉजीची आवडच नाही, तर त्यांना पटवायचं कसं, का सगळं विकून गप्प बसायचं? पत्राखाली सही 'रूट युजर', म्हणजे लिनक्समध्ये ज्याला सगळे अधिकार असतात तो.

रूट युजर, नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आत्याच्या बातमीवर फिसकन हसले, दुसऱ्यांदा मात्र ते क्रोशाचं कव्हर डोक्यातून जाईना. त्यावर येतेच, पण आधी माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे समोर कोणी 'टेक्नॉलॉजीची आवड नसलेली' बाई बसलीये असं तुम्हाला वाटायला नको.

आमच्याकडे राउटर मीच बघते. काही वर्षांपूर्वी तो दर दोन-चार दिवसांनी अडकायचा, म्हणून मी त्याला रोज पहाटे तीन वाजता आपोआप बंद होऊन चालू व्हायला लावलं, पहाटे तीनला कोण जागं असतंय, माझ्या हुशारीवर मीच खूश. त्यानंतर जवळजवळ दोन महिने सासूबाई म्हणत होत्या की मोबाइलवर सकाळची आरती लावली की बरोब्बर मध्येच नेट जातं. मी म्हटलं, आई, तुमचा मोबाइल जुना झालाय. मग म्हटलं, त्या वेळेला सगळेच आरती बघतात ना, लोड येतो. इतक्या ठासून सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. शेवटी एका सकाळी चहा घेऊन त्यांच्या शेजारी बसले होते आणि साडेआठला डोळ्यांदेखत राउटरचे दिवे गेले आणि परत आले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालत होतं! त्याचे पहाटेचे तीन म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. सासूबाई मला दोन महिने वेळेसकट अचूक बग रिपोर्ट देत होत्या आणि मी तो घेतच नव्हते.

म्हणून तुमच्या पत्रातलं 'घरच्यांना आवडच नाही' हे वाक्य मला खटकलं. तुम्हीच दिलेली माहिती बघा ना. बाबा ९६-९७ च्या सुमाराला, चाळिशी उलटल्यावर डीटीपी शिकले, सोसायटीच्या नोटिसांपासून गावाकडच्या दिवाळी अंकापर्यंत सगळं घरी बसून लावून दिलं असं तुम्हीच लिहिलंय. तो काळ आठवतोय का? परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर इथे पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेत १९९१ साली झाला, त्याचं आपल्याला अजून कौतुक, पण घरातल्या कॉम्प्युटरवर साधं 'ज्ञानेश्वर' नीट टाइप करायचं म्हणजे वेगळा फाँट, वेगळा कीबोर्ड, वर लॉक असलेलं सॉफ्टवेअर. ते ज्या माणसाने चाळिशीनंतर हाताला बसवलं त्याला टेक्नॉलॉजीची आवड नाही म्हणता? बायको आठवड्यातले दोन दिवस घरून नेटवर काम करते. मुलीचे क्लास ऑनलाइन. तुमच्या घरात नेट आणि कॉम्प्युटर तुमच्याइतकेच सगळे वापरतात. फरक एवढाच की त्यांना त्यातून दुसरं काहीतरी काम करायचं असतं आणि तुमचं काम म्हणजे तेच.

रागाचं कारणही मला वेगळंच दिसतंय. तुम्ही चालू गोष्टीला न विचारता हात लावता. बाबांचा कॉम्प्युटर चालू होता. रविवारी रात्री वायफाय चालू होतं. बायकोचं ते वाक्य पुन्हा एकदा वाचा, ती सोडून जायची धमकी देत नाहीये, ती म्हणतेय आईकडे जाऊन काम करते. का, तर तिकडे नेट चालतं. आणि तिकडे ते का चालतं, तर बसवल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही म्हणून.

आता एकेक बघू, बाबांपासून सुरू करते कारण तिथे मला सगळ्यात वाईट वाटलं.

आधी आत्यांसाठी आणि इतर वाचकांसाठी खुलासा. ही वाइन ग्लासातली नव्हे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून १९९३ साली काही लोकांनी हे काम सुरू केलं आणि त्याची १.० आवृत्ती आली २००८ मध्ये, म्हणजे १५ वर्षांनी. पूर्ण नाव 'वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर', नावाच्या आत परत तेच नाव, प्रोग्रॅमर लोकांना असले विनोद फार आवडतात. ती करते काय, तर दुभाषाचं काम. विंडोजचा प्रोग्रॅम त्याच्या भाषेत काहीतरी मागतो, वाइन ते लिनक्सच्या भाषेत सांगते आणि उत्तर परत आणून देते. कितीतरी प्रोग्रॅम असे सुरेख चालतात, विंडोजचे गेमसुद्धा लिनक्सवर चालतात ते याच दुभाषाच्या जिवावर. पण दुभाषाला घरात वरच्या खोल्यांमध्येच प्रवेश आहे, तळघरात नाही. बाबांच्या सॉफ्टवेअरला मागे यूएसबीत लावायचा डोंगल आहे, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही अशी किल्ली, असं तुम्ही लिहिलंय, त्या डोंगलला विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, विंडोजच्या अगदी तळाशी बसतो आणि तिथे वाइनचा हात पोचत नाही. वर अशी जुनी मराठी सॉफ्टवेअर कीबोर्डवर स्वतःचा ताबा घेतात, तेही तसंच अडकतं. तुम्ही तीन महिने रात्री जागून जे जमवायला बघताय ते जमण्यातलं नव्हतंच बहुतेक, त्यात तुमची हुशारी कमी पडली असं काही नाही.

तुम्हाला हे मनातून माहीतही असेल. तरी सोडवत नाही, कारण आता तो प्रश्न बाबांचा राहिला नाही, तुमचा झालाय. बाबांना एक पानभर मजकूर लावून छापायचा होता आणि तुम्हाला वाइन चालवून दाखवायची होती. हे मी स्वानुभवाने बोलतेय.

पर्याय काय आहेत. एक, लिनक्समध्येच व्हर्च्युअल मशीन करून त्यात जुनी विंडोज ठेवायची आणि डोंगल त्या मशीनला जोडून द्यायचा, हे बऱ्याचदा चालतं, पण बाबांना दर वेळी एका खिडकीत दुसरा कॉम्प्युटर उघडावा लागणार, आणि ७४ व्या वर्षी त्यांनी ते का करावं मला समजत नाही. दुसरा, जुनी विंडोज जशीच्या तशी परत द्यायची आणि त्या मशीनचं नेट कायमचं काढून टाकायचं, म्हणजे वायर काढायची आणि वायफायही बंद. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या बंद होतात, आणि नेटच नसलं तर त्यातला मोठा धोका जातो. पेन ड्राइव्ह मात्र सांभाळून. बाबांना बातम्या, व्हॉट्सअॅप, यूट्यूब सगळं मोबाइलवर आहे, त्या मशीनवर त्यांना डीटीपीच करायचंय. मी असते तर दुसरा पर्याय घेतला असता, आणि लिनक्सची हौस दुसऱ्या डिस्कवर भागवली असती. असंच जुनं मशीन आणि असेच बाबा बऱ्याच घरांत आहेत, त्या सगळ्यांना माझं हेच सांगणं.

पण त्या मशीनमध्ये तुमच्या हौसेला पुरून उरेल असं एक खरं काम पडलंय आणि ते तुम्हाला दिसलंच नाही. बाबांच्या जुन्या फाइली. त्या काळच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये मुळात मराठी अक्षर नसतंच हो, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, फाँट गेला की अख्खा दिवाळी अंक इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन बसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना वेगवेगळे नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या त्या नंतर आपल्या सगळ्यांच्या हातात आल्या. जुन्यातून नव्यात नेणारे कन्व्हर्टर आहेत, पण ते हमखास चुकतात, पहिली वेलांटी अलीकडच्या अक्षराला चिकटते, रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो, 'सुऱ्या' आणि 'सूर्या'चा घोळ होतो. ते दुरुस्त करायला मूळ मजकूर माहीत असलेला माणूस लागतो. तो माणूस तुमच्या शेजारच्या खोलीत आहे आणि सध्या त्याचा कॉम्प्युटर बंद आहे. फाइलींची कॉपी घ्या, मूळ फाइलींना हात लावू नका, कॉपीवर कन्व्हर्टर चालवा, प्रिंट काढा आणि लाल पेन बाबांच्या हातात द्या. चुका किती निघतात ते बघून तुमचा कन्व्हर्टर सुधारत बसा. त्यात तुम्हाला हवी तेवढी झटापट आहे.

आता वायफाय. इथे मी तुम्हाला काय शिकवणार, पण पत्रातला नकाशा बघितला. बाहेरून येणारी फायबर दाराशी, पहिला राउटर तिथेच, आणि मुलीची खोली टोकाला, मध्ये दोन नऊ इंची विटांच्या भिंती आणि त्यातल्या एका भिंतीला टेकून लोखंडी कपाट, त्याला आरसा. म्हणजे राउटर रोज कपाटाशी बोलतोय. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी तुम्ही पाच गिगाहर्ट्झच्या वेगाच्या मागे आहात आणि तो भिंतीत जिरतो, २.४ भिंतींतून जरा बरा जातो पण तिथे सोसायटीतल्या प्रत्येक घराची गर्दी, वर मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. त्यावर उपाय म्हणून तुम्ही तीन राउटर एकमेकांना हवेतूनच जोडलेत, म्हणजे मधल्याने तेच वाक्य ऐकायचं आणि तेच परत ओरडून सांगायचं, वेग अर्ध्यावर येणार नाही तर काय होणार. वायरलेस चांगलं करायचं तर वायर टाकावी लागते, हे मला पटायला पाच वर्षं लागली.

तेव्हा तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन येताना पंधरा-वीस मीटर लॅनची वायर आणि पट्टी घेऊन या, छताच्या कडेने ओढा, टोकाच्या खोलीत दुसरा राउटर वायरीवर लावा आणि त्याला फक्त अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट वायफायवर देण्यापुरतं चालवा. बायकोच्या टेबलाला थेट वायर, मीटिंगचा लॅपटॉप हवेवर ठेवूच नका. २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो एकदा ठरवा आणि विसरा, मधले चॅनल घेऊन हुशारी केली की दोन्ही शेजाऱ्यांशी भांडण. दोन्ही राउटरला एकच नाव, एकच पासवर्ड. दर गुरुवारी महावितरणची कामं निघतात तेव्हा लाइट जाणारच, तर राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो लावून टाका, फायबरच्या डब्याला आणि राउटरला दोघांना पुरेल असा घ्या, नाहीतर राउटर जिवंत आणि फायबर मेलेलं अशी गंमत होते. या सगळ्याला एक रविवार लागेल.

आणि उरलेला तिसरा राउटर तुमचा. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, सेन्सर, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, तुमचे सगळे उद्योग त्यावर. त्यावर रात्री दोनला फर्मवेअर टाका, विटेसारखा मेला तरी घरात कोणाला पत्ता लागणार नाही. घरच्या दोन राउटरना मात्र हात लावायचा तर आधी जेवताना सांगायचं, 'शनिवारी दुपारी तासभर नेट जाईल, चालेल का?' आणि कोणी नाही म्हटलं तर नाही. दहावीचं वर्ष आहे, मुलगी बऱ्याच वेळा नाही म्हणेल, ऐकून घ्या.

तुमच्यासारख्या सगळ्यांना मी एक परीक्षा घ्यायला सांगते. समजा तुम्ही चार दिवस गावाला आहात, फोन लागत नाही, आणि नेट गेलं. घरातलं कोणी ते चालू करू शकेल? नसेल तर जरा विचार करा, की घरातल्या सगळ्यांना तुमच्याशिवाय अडायला लावणं यात आपल्याला थोडी मजा तर येत नाही ना. (मला यायची.) एका कागदावर पासवर्ड, कुठला डबा कशाचा, आधी कुठला बंद करायचा, कंपनीचा तक्रारीचा नंबर, असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तो बाबांकडून टाइप करून घ्या, डीटीपी चालू झालं की.

राहिली ग्लासातली वाइन.

इथे तुमचं गृहीतक असं दिसतं की वाइन जितकी ठेवाल तितकी चांगली. ते सरसकट खरं नाही. तुमच्या यादीत शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँच जास्त आहेत, या पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच प्यायच्या, वर्ष-दोन वर्षांत, ठेवून त्यांचा तो फळांचा वास जातो आणि मागे काही राहत नाही. लालमधल्या थोड्या चार-पाच वर्षं चांगल्या टिकतात, त्या तुमच्याकडे तीन आहेत. म्हणजे १९ पैकी १६ बाटल्यांचा दर मिनिटाला ग्राफ काढत तुम्ही त्यांना हळूहळू म्हातारं करताय. मला इथे तुमचा स्वभाव दिसतो, राग मानू नका, तुम्हाला बाटली सांभाळायला आवडते, उघडायला नाही.

कूलरही तपासा. त्या आकाराचे स्वस्तातले कूलर बहुतेक पेल्टियरचे, म्हणजे विजेने एका बाजूला गार होणाऱ्या चकतीचे असतात, त्यात कॉम्प्रेसर नसतो, आवाज करत नाहीत म्हणून आपल्याला आवडतात, पण बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकतात. वाइनला १२ ते १४ अंश बरे. एप्रिलमध्ये आपल्या हॉलमध्ये दुपारी ३८ असले की तो बिचारा २० वर धापा टाकत बसणार, आणि वर क्रोशाचं कव्हर. दोन-तीन बाटल्या लागतील तशा आणायच्या आणि फ्रिजमध्ये खाली भाजीच्या कप्प्याशेजारी ठेवायच्या, एवढ्याने काम भागतं. फिरकीचं झाकण असेल तर आडवी ठेवायचीही गरज नाही. उघडली की पाचेक दिवसांत संपवायची.

आता आई. तुम्ही लिहिलंय की 'वाइन म्हणजे दारू नव्हे हे तिला समजावून थकलो'. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय झाला तेव्हा हाच वाद राज्यभर झाला होता, नेत्यांनीही हेच वाक्य म्हणून बघितलं, कोणालाही पटलं नाही, तुमच्या हॉलमध्ये कसं पटेल. वाइनमध्ये बारा-चौदा टक्के अल्कोहोल असतं, आई बरोबर बोलतायत, ते वाक्य सोडून द्या. द्राक्षाचं सांगायचं तर नाशिकचंच कशाला, आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला ऐंशीच्या दशकात स्पार्कलिंग वाइन करायला लागले होते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी, फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरकडे जाते आणि वर्षातून एकदाच छाटतात. या गप्पा आईंना कदाचित आवडतीलही, पण वाद जिंकायला म्हणून मारू नका.

कारण त्या वाद घालतच नाहीयेत. त्यांनी तो कूलर घराबाहेर काढायला सांगितला नाही, बाटल्या फेकल्या नाहीत, अबोला धरला नाही. एक कव्हर विणलं. मला नक्की माहीत नाही त्यांच्या मनात काय आहे, लाज असेल, सूनबाईच्या माहेरचे काय म्हणतील असं असेल, किंवा त्यांच्या माहेरी कोणी पिऊन घर बुडवलेलं असेल आणि तुम्हाला कधी सांगितलंही नसेल. तुम्ही त्यांना विचारलंय? पूर्ण पत्रात 'आई म्हणाली' असं एकदाही आलेलं नाही, आई काय करते तेवढं आलंय, तेही ग्राफवरून. दर वेळी ती रेघ वर जाते तेव्हा आई तुम्हाला काहीतरी सांगतेय आणि तुम्ही ते तापमान म्हणून वाचताय.

हॉलमधून कूलर काढा, हा माझा सरळ सल्ला. तुमच्या खोलीत ठेवा किंवा विका. हॉल आईंचाही आहे, तिथे त्यांचे पाहुणे येतात, आणि आत्यांनी बातमी पसरवल्यावर तर त्यांना रोज कोणाकोणाला उत्तर द्यावं लागत असेल. घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे, तिच्यापुढे लपवाछपवी नको, पण शोकेसमध्ये मांडूनही नको.

आणखी एक प्रश्न, तो तुम्ही विचारलेला नाही. बाटली कधी उघडता? एका बाटलीत ७५० मिली, म्हणजे साधारण पाच ग्लास. महिन्यातून एखाद्या शनिवारी बायकोबरोबर एकेक ग्लास होत असेल तर माझं काही म्हणणं नाही, जरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं अमुक एक प्रमाण सुरक्षित असं काही नसतं. पण रात्री राउटर ऐकेना म्हणून उघडली, एकट्याने, आणि उरलेली दुसऱ्या रात्री वाइन चालेना म्हणून संपवली, असं होत असेल तर ती हौस राहिलेली नाही, आणि मग माझ्याऐवजी डॉक्टरांशी बोला. पत्रात तसं काही दिसत नाही. तरी विचारून ठेवलं, कारण या सदराला असं विचारलं की उत्तरं येतात.

विकून गप्प बसायचं का, तर नाही. तुम्ही सहा महिने गप्प बसाल आणि मग जुन्या बाजारातून गुपचूप एखादं मदरबोर्ड उचलून आणाल, ते लपवायला परत कव्हर लागेल. एक टेबल ठरवा, एक राउटर, एक डिस्क, महिन्याला ठरावीक पैसे, ते बायकोला माहीत असलेले. तेवढ्यात काय वाटेल ते करा. तुमचा नाद चांगला आहे हो, सोसायटीतल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचे विंडोज १० वाले कॉम्प्युटर आता अडलेले असणार, कोणाला लिनक्स चालेल आणि कोणाला नाही हे तुमच्याइतकं चांगलं कोण सांगू शकेल, फक्त आधी त्यांना विचारा की ते त्यावर करतात काय.

सुरुवात बायकोपासून करू नका, ती लॅनची वायर आली की बघेल. आईंपासूनही नको, तिथे घाई केली तर त्या 'काही नाही रे' म्हणून विषय मिटवतील, एखाद्या दुपारी भाजी निवडायला बसा आणि त्या बोलेपर्यंत बसा. सुरुवात बाबांपासून. आज घरी गेल्यावर पहिली गोष्ट, तो डोंगल कुठे आहे विचारा आणि डबीत घालून, नाव लिहून ठेवा. लिनक्स टाकताना तुम्ही तो काढून कुठेतरी ठेवला असणार, आणि तो हरवला तर विंडोज परत येऊनसुद्धा बाबांचं काही सुरू होणार नाही.